हरवलेल्या दोन चाली

डेमो बोर्डावर बुद्धिबळाचा डाव मी मुद्दाम मधूनच लावलाय. हा १९०७ सालचा, लॉड्झ शहरातला डाव. आजच्या पोलंडमधलं हे कापडगिरण्यांचं शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. पांढरी मोहरी रोटलेवीकडे, काळी अकिबा रुबिनस्टाइनकडे. रोटलेवी तेव्हा विशीसुद्धा न गाठलेला मुलगा, तर रुबिनस्टाइन त्याच वर्षी कार्ल्सबाडची मोठी स्पर्धा जिंकून आलेला.

सुरुवात वजिराच्या प्याद्याची, दोघांनीही डी आणि सी पट्टीतली प्यादी पुढे काढलेली. हा डाव सगळीकडे वजिराच्या बलिदानासाठी छापला जातो आणि तसा तो छापावाही. पण माझ्या मते खरा डाव इथेच, पंधराव्या चालीशी ठरलाय. पाहा, पांढऱ्यानं नुकतंच कॅसलिंग केलंय, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला आडोशाला नेलंय. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या आहेत. उंट, घोडे, वजीर, प्यादी, सगळं त्याच घरांत. फरक एकच: काळ्याचा हत्ती डी-८ वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ) येऊन बसलाय आणि पाळीही काळ्याची आहे. पहिली चाल पांढऱ्याची होती, तरी तो मागे पडला. म्हणजे त्यानं दोन चाली कुठेतरी घालवल्या.

कुठे घालवल्या ते शोधू. एक उंटात गेली. पांढऱ्याचा उंट आधी डी-३ वर आला, मग सी-४ वर प्यादं मारायला गेला आणि बी-५ च्या प्याद्यानं हाकलल्यावर परत डी-३ वर आला. एका घरासाठी तीन चाली! काळ्याच्या उंटाला तशाच घरावर पोहोचायला दोनच लागल्या. हा योगायोग नाही. दहाव्या चालीला दोघंही थांबून होते, की आधी उंट कोण हलवतो. रुबिनस्टाइननं वजीर ई-७ वर नेऊन वाट पाहिली आणि पांढऱ्याचा उंट डी-३ वर येताच लगेच सी-४ वर मारलं. दुसरी चाल वजिरात गेली. तो डी-२ वर गेला, समोर हत्ती आल्यावर ई-२ वर सरकला. काळ्याचा वजीर एकाच चालीत योग्य जागी बसला होता.

आता पुढे. काळ्यानं घोडा ई-५ वर टाकला, घोड्यांची मारामारी झाली आणि उंट ई-५ वर आला. धमकी ओळखा: उंटानं एच-२ वर शह, राजानं मारलं की वजिराचा डी-६ वरून शह आणि मग डी-३ वरचा उंट खलास. म्हणून रोटलेवीनं एफ-४ खेळलं, मग ई-४, मग ई-५. दिसायला जोरदार चाली. पण एफ आणि ई प्यादी पुढे गेल्यावर ई-५ वरून मागे हटलेल्या काळ्याच्या उंटाला बी-६ वरून थेट जी-१ पर्यंत वाट मिळाली. आणि ई-४ वरचं प्यादं ई-५ वर जाताच बी-७ च्या उंटाचा कर्ण राजापर्यंत मोकळा झाला. दोन्ही दारं पांढऱ्यानं स्वतःच्या हातानं उघडली.

बी-६ वरून उंटाचा शह, पांढरा राजा एच-१ वर. काळ्याचा घोडा जी-४, पांढऱ्याचा उंट ई-४, काळ्याचा वजीर एच-४. पांढऱ्यानं जी-३ खेळून वजिरावर प्यादं घातलं. रुबिनस्टाइननं वजिराला हातही लावला नाही! हत्तीनं सी-३ वरचा घोडा मारला. प्याद्यानं वजीर घेतला, तर दुसरा हत्ती डी-२ वर. ही चाल मला सगळ्यांत आवडते. पांढरा वजीर ई-२ वरून एकाच वेळी ई-४ चा उंट आणि एच-२ सांभाळत होता. त्याला एक काम सोडायला लावलं. वजिरानं हत्ती मारला, उंटानं ई-४ वर मारून शह दिला, वजीर जी-२ वर आडवा आला आणि तिथंच बांधला गेला, कारण बाजूला झाला तर राजावर शह. पंचविसावी चाल: हत्ती एच-३. पुढच्या चालीला एच-२ वर मात. रोटलेवीनं डाव सोडला.

या शेवटच्या स्थितीत पांढऱ्याकडे वजीर आहे, दोन हत्ती आहेत, उंट आहे. मोजायला बसलात तर तोच पुढे. पण ए-१ चा हत्ती पाहा. सबंध डावात तो एकदाही हललेला नाही. काळ्याचे दोन्ही हत्ती अठराव्या चालीलाच मोकळ्या पट्ट्यांवर होते. मघाच्या त्या दोन चालींचा हिशेब इथे चुकता होतो.

२०१३ साली नेदरलंड्समधल्या वाइक आन झेला आर्मेनियाच्या लेवोन आरोनियनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी विश्वनाथन आनंद तेविसाव्या चालीत जिंकला. डाव संपल्यावर त्यानं स्वतःच रुबिनस्टाइनच्या या डावाची आठवण काढली. तिथंही सुरुवात वजिराच्या प्याद्याचीच, तिथंही पांढऱ्यानं एफ-४ खेळलं आणि बी-७ च्या उंटाच्या जोडीला दुसरा उंट सी-५ वर येऊन बसला. चहा घेऊन या, मग तोच डाव बोर्डावर लावू. सोळाव्या चालीला आनंदनं काय केलं असेल, ते तुम्ही सांगायचं.