दोन माडांमधली तार

(दृश्य : सावित्रीचं मुख. वेसवीची जंगल जेटी, म्हणजे गाड्या-माणसं नेणारी फेरीबोट, सुटते. मागे बाणकोटचा किल्ला.)

बाणकोटची खाडी. अलीकडे रत्नागिरी जिल्हा, पलीकडे रायगड. किल्ल्यावर उभं राहिलं की पलीकडचा बागमांडला हाकेच्या अंतरावर वाटतो. हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, हातातल्या पाच वॉटच्या वॉकी-टॉकीने इथून पलीकडे बोलणं म्हणजे शेजारणीशी कुंपणावरून बोलण्यासारखं.

(दृश्य : घाटरस्ता. वळणावर खरखर, मग शांतता.)

आता तोच वॉकी-टॉकी मंडणगडच्या वाटेवर. पहिला डोंगर आडवा आला आणि आवाज गेला. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास नजरेसारख्या सरळ जातात, आणि कोकणात नजर कुठे फार लांब जाते? डोंगर, खोरं, खाडी, पुन्हा डोंगर. पलीकडे सह्याद्री आहेच.

(दृश्य : वाडी. पाडेली माडावर चढतोय.)

म्हणून हे दोन माड. पाडेली सवयीने शेंड्याकडे निघाला, तेवढ्यात खालून आवाज आला, ‘‘अण्णा, बस! तिथेच बांधा.’’ जमिनीपासून जेमतेम पाच मीटर.

बघणाऱ्याला हे उलटं वाटतं. ॲंटेना उंच हवी, असंच सगळे सांगतात. उंच तारेचा आवाज क्षितिजाकडे झेपावतो, दिल्लीला ऐकू जातो आणि मधलं महाड, चिपळूण उपाशी राहतं. तार खाली बांधली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात, सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरात, म्हणजे हवेच्या विद्युतभारित थरात, वळतात आणि कारंज्यासारख्या चहूबाजूंनी खाली येतात. मग सह्याद्री मध्ये येतच नाही, त्याच्या डोक्यावरून सगळा कारभार.

(दृश्य : तार मोजणारे हात. दोरीच्या टोकाला वीट.)

सात मेगाहर्ट्झ, म्हणजे हौशी मंडळींचा ‘चाळीस मीटर’, लहरीच्या लांबीवरून. त्या लहरीच्या अर्ध्या लांबीची तार लागते : वीस मीटर. मधोमध कापून दहा-दहाचे दोन हात, मध्ये रेडिओकडे जाणारी कोॲक्स केबल. एक टोक घट्ट. दुसऱ्या टोकाची दोरी कप्पीवरून घेऊन तिला वीट लटकवली आहे, कारण वाऱ्यात माड डोलतो आणि ताणून बांधलेली तार पहिल्याच झुळकीला तुटते. दोरी म्हणून मासेमारीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, वापरलाय. गावात तो कुठेही मिळतो, भिजला तरी कुजत नाही.

(दृश्य : प्लग, जवळून. हिरवा थर.)

हे खाऱ्या हवेचं काम. पहिल्या दिवशी रिग, म्हणजे रेडिओचा संच, बोलेना, ती याच्यापायी. प्लग घासला, नवा डाग दिला, वर रबरी टेप गुंडाळला. अर्धा दिवस यातच गेला.

(दृश्य : पडवी. गाडीची बॅटरी, रिग, वही.)

बारा व्होल्टची बॅटरी. रिग शंभर वॉटची, पण आज वीसच वॉट. बॅटरी जपायची.

हॅम रेडिओचा हा खेळ परवान्याशिवाय खेळता येत नाही. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. अर्ज, परीक्षा, पडताळणी ही कागदाची कामं, कॅमेऱ्यात दिसत नाहीत. पास झालात की नावाआधी हाकेचं चिन्ह मिळतं, भारतात बहुतेकांचं व्हीयू दोन किंवा व्हीयू तीनने सुरू होणारं. बोलणं सुरू करताना ते सांगायचं, संपवताना पुन्हा सांगायचं. व्यापार नाही, गाणी नाहीत, गुप्त भाषा नाही. जे बोलाल ते कुणीही ऐकावं.

एरवी तिऱ्हाइताचा निरोप पोहोचवायला मनाई असते. नेहमीची दळणवळणाची साधनं बंद पडली आणि आपत्तीचं काम असलं, तर जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्यांचे निरोप नेता येतात. नियम १९७८ चे, नंतर दुरुस्त झालेले. आम्हाला विचाराल तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ही पानं चिकटवून ठेवावीत.

(दृश्य : हेडफोन. डायलवरची बोटं. पुण्याचा आवाज.)

‘‘पाच-नऊ, पाच-नऊ. ओव्हर.’’

म्हणजे आवाज स्पष्ट आणि जोरात. मध्ये शंभरेक किलोमीटर आणि अख्खा सह्याद्री. ‘ओव्हर’ म्हटल्याशिवाय इकडून कुणी तोंड उघडत नाही. एका वेळी एकानेच बोलायचं. सरपंचांनी दोनदा मध्येच बटण दाबलं, दोनदा ओरडा खाल्ला.

(दृश्य : २०२० चे फोटो. पडलेल्या पोफळी, वाकलेले खांब.)

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. वीज गेली, मोबाइल गेले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता.

(दृश्य : वही. पेन्सिल.)

तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याचं चिन्ह. शाई दमट हवेत पसरते, म्हणून पेन्सिल.

(दृश्य : संध्याकाळ. तार अजून माडांवर.)

रिग बंद. तार मात्र उतरवलेली नाही. पाडेलीला पुन्हा कुठे शोधायचं?