आयर्विनला किती फूट?

सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीस फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते. पावसाळ्यात इथली माणसे एकमेकांना दोनच गोष्टी विचारतात: आयर्विनला किती फूट, आणि कोयनेतून विसर्ग किती?

कोयना धरण या पुलावरून दिसत नाही. ते सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, हेळवाकजवळ आहे. तिथून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि मग सांगलीत येते. पाणी पोहोचायला वेळ लागतो; जबाबदारी मात्र दरवाजे उचलले त्या क्षणीच सुरू झालेली असते.

तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ साली असा प्रश्न मांडला होता की, डोळ्यांदेखत तळ्यात बुडणारे मूल वाचवताना कपडे भिजण्याची पर्वा आपण करत नाही, तर दूर देशी उपाशी मरणाऱ्या निर्वासिताच्या बाबतीत केवळ अंतरामुळे आपले कर्तव्य कमी कसे होते? त्यांच्यासमोर तेव्हा पूर्व बंगालचे निर्वासित होते. हा युक्तिवाद मला पटतो, पण कोयनेच्या खोऱ्यात तो अपुरा वाटतो, कारण त्यातील मुलाशी आपला आधीचा काहीच संबंध नसतो.

इथे संबंध आहे. सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवणाऱ्या या धरणाच्या जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरते, जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठी नदीला जाऊन मिळते. त्या विजेवर महाराष्ट्रातली घरे उजळली, कारखाने चालले. ज्यांची गावे पाण्याखाली गेली, ती कुटुंबे मात्र सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरली. भाऊबंद एका जिल्ह्यात, सोयरे दुसऱ्या जिल्ह्यात.

मुंबईत दिव्याचे बटण दाबणाऱ्याला हे धरणग्रस्त परके वाटतात, आणि खरे सांगायचे तर सांगलीत राहणाऱ्यालाही वाटतात. पुराच्या वेळी अनोळखी गावांहून आलेली भाकरी ही मदत होती, आणि ती मोलाचीच होती. परंतु धरणग्रस्ताला मिळायची जमीन ही देणगी नव्हे, ते आपल्याकडून राहिलेले देणे आहे. धरणाच्या पायाभरणीच्या वेळी जी मुले होती, त्यांची नातवंडे आज हातात जुनी कागदपत्रे घेऊन कोयनानगरला ठिय्या देऊन बसतात.