तू जाशील तिकडे

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळी बदल्यांचे आदेश निघाले, विदर्भातल्या शाळाही उघडल्या. नागपुरात या दिवसांत कितीतरी खुर्च्यांवर नवी माणसं बसतात. शाळेत नव्या मुख्याध्यापिका, ठाण्यात नवा ठाणेदार, बँकेच्या शाखेत नवा मॅनेजर. घराघरांतही असे चार्ज घेतले जातात, फक्त त्यांचा आदेश कुठून निघत नाही. वडील जातात आणि दुकानाच्या वह्या, देणीघेणी, धाकट्यांची शिक्षणं, सगळं एका रात्रीत थोरल्या लेकीवर येतं. लोक म्हणतात, "तू करशील गं, तुझ्यात आहे ते." आणि तिला आतून ठाऊक असतं की आपल्यात ते नाही. आज मला बोलायचं आहे ते अशा माणसाशी.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, यहोशवा नावाचं पुस्तक आहे. त्याची सुरुवातच एका मरणाच्या बातमीने होते. मोशे गेला. ज्याने इस्राएल लोकांना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून बाहेर काढलं, 40 वर्षं रानातून चालवलं, तो मवाबातल्या नबो डोंगरावर गेला. तिथून त्याने परमेश्वराने देऊ केलेला वचनदत्त देश डोळ्यांनी पाहिला आणि तिथंच त्याचा अंत झाला. लोकांनी 30 दिवस शोक केला. मग परमेश्वर यहोशवाशी बोलला. माझा सेवक मोशे मरण पावला आहे, आता तू ऊठ, या सगळ्या लोकांना घेऊन यार्देन नदी ओलांड.

मला यात परमेश्वराचा सरळपणा फार भावतो. जे गेलं ते गेलं, हे तो आधी सांगतो. यहोशवा हा काही कोवळा पोरगा नव्हता. अमालेकांशी लढला होता, देश हेरायला गेलेल्या बारा जणांत होता, आणि त्यातून परत येऊन "आपण जाऊ या" म्हणणारे दोघंच होते, हा आणि कालेब. पण आयुष्यभर तो मोशेचा सेवक म्हणून वावरला. आज्ञा वरून यायची, हा ती पार पाडायचा. आता वर माणूसच उरला नव्हता.

त्या पहिल्या अध्यायात परमेश्वर त्याला पुन्हा पुन्हा एकच सांगतो : "खंबीर हो, हिंमत धर." नवव्या वचनात तर म्हणतो, "घाबरू नको, कचरू नको. कारण तू जाशील तिकडे तुझा देव परमेश्वर तुझ्याबरोबर असेल." ज्याला भीती वाटतच नाही त्याला घाबरू नको असं इतक्यांदा कोण सांगतं? यहोशवाचे हातपाय गार पडले असणार, असं मी तरी धरून चालते.

मी आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली. स्त्रियांच्या शस्त्रक्रिया वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून मला पहिल्यांदा चार्ज मिळाला, तो दिवस आठवतो. आधीच्या सिस्टर निवृत्त होत होत्या. दोघींनी मिळून कपाट उघडलं. मॉर्फीनचे अँप्यूल एकेक करून मोजले, रजिस्टरशी ताळा केला, मग चादरी, मग ऑक्सिजनचे सिलिंडर, मग सलाईनचे स्टँड. शेवटी त्यांनी कमरेच्या पट्ट्याची पिन काढली, किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला आणि चार्ज बुकात सही केली. त्यांच्या सहीखाली माझी सही. किल्ल्या अजून त्यांच्या अंगाच्या उबेने गरम होत्या. त्या बाईंच्या नुसत्या चाहुलीने वॉर्ड शिस्तीत यायचा. मी मनातल्या मनात नववं वचन म्हणत होते आणि हात कापायचे काही थांबत नव्हते. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं, आणि मला वाटतं परमेश्वराला ते चालतं. विश्वास ठेवला की भीती पळालीच पाहिजे, अशी अट त्या अध्यायात मला कुठंही सापडलेली नाही.

आता यार्देनकडे येऊ. आपल्याकडे कन्हानला, पेंचला पूर येतो तो पावसाळ्यात. यार्देनचं तसं नाही. तिकडे हर्मोन डोंगरावरचं बर्फ वितळतं आणि कापणीच्या दिवसांत नदी दोन्ही काठ सोडून वाहते. नेमक्या त्याच दिवसांत परमेश्वराने त्यांना नदी ओलांडायला सांगितली. कराराचा कोश, म्हणजे परमेश्वराच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, खांद्यावर घेतलेले याजक पुढे, आणि लोक त्यांच्यामागे दोन हजार हातांचं अंतर ठेवून. कारणही दिलं आहे : या वाटेने तुम्ही पूर्वी कधी गेला नाहीत. याजकांचे पाय काठच्या पाण्यात बुडाले, तेव्हा पाणी थांबलं. तोवर नदी भरलेलीच होती.

आणि पाणी थांबलं कुठं? त्यांच्या पायापाशी नव्हे. शास्त्र सांगतं, फार लांब, वरच्या अंगाला, सारतानाजवळच्या आदाम नावाच्या गावापाशी ते राशीसारखं उभं राहिलं. काठावरच्या कुणालाही ती रास दिसली नसेल. त्यांना दिसलं ते एवढंच, की पाणी ओसरतंय. नव्या जबाबदारीतल्या माणसाने हा तपशील जपून ठेवावा असा आहे. तुमच्यासाठी चाललेलं बरंचसं काम तुमच्या नजरेच्या पलीकडे, वरच्या गावाला चाललेलं असतं.

इथवर सगळं गोड आहे. पण नागपूरकर ख्रिस्ती माणसाला पुढचा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्या प्रश्नाचं नाव आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या एका कॉलेजच्या पाटीवर आहे. स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडचे मिशनरी. 1845 साली नागपुरात आले तेव्हा ते 27 वर्षांचे होते. इथं भोसल्यांचं राज्य होतं आणि रेल्वेचा पत्ता नव्हता. त्यांनी मराठी शिकून घेतली, शाळा काढली, कामठीला उपदेश केला, गोंड लोकांची गाणी आणि कथा उतरवून घेतल्या, टाकळीच्या खडकांतून जीवाश्म गोळा केले. मूठभर माणसांचं मिशन आणि समोर एवढा मुलूख. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून ते घोड्यावरून परतत होते. वाटेत बोरीजवळ ओढ्याला पूर आला होता. त्यात ते बुडून मरण पावले. वय 45.

यार्देन थांबली. बोरीचं पाणी थांबलं नाही. यशयाच्या पुस्तकात परमेश्वराचं वचन आहे की तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. हिस्लॉप साहेबांनी ते वचन वाचलं नसेल असं कसं म्हणावं? मग ते खोटं ठरलं का?

या प्रश्नापाशी मी पुष्कळ वर्षं थांबले आहे आणि दर वेळी मला यहोशवाच्या पहिल्या अध्यायातलं पाचवं वचन पुन्हा वाचावं लागतं. परमेश्वर म्हणतो, "जसा मी मोशेबरोबर होतो तसाच तुझ्याबरोबरही असेन." हे ऐकणाऱ्या यहोशवाला मोशेचं काय झालं ते पक्कं ठाऊक होतं. मोशे यार्देन ओलांडू शकला नाही. ज्या देशासाठी 40 वर्षं चालला तो त्याने लांबून पाहिला फक्त. तरी परमेश्वर म्हणतो, मी त्याच्याबरोबर होतो, आणि यहोशवा ते मान्य करतो. म्हणजे त्या दोघांमध्ये "बरोबर असणं" याचा अर्थ हाती घेतलेलं काम तुझ्याच हातून तडीला जाईल, असा कधीच नव्हता. मोशेचं काम यहोशवाने पुढे नेलं. हिस्लॉपांच्या नावाचं कॉलेज 1883 मध्ये सुरू झालं, त्यांच्या मृत्यूनंतर 20 वर्षांनी, आणि आजही तिथं सगळ्या धर्माजातींची पोरं शिकतात. बोरीच्या पाण्यातही परमेश्वर त्यांच्याबरोबर होता, असं मी मानते. हे मी जड मनाने मानते, पण पूर्ण मानते.

म्हणून नवी जबाबदारी घेणाऱ्याला "सगळं नीट होईल" असं मी सांगत नाही. ते वचन परमेश्वराने दिलेलं नाही, मग मी कुठून देऊ? त्याने सोबत देऊ केली आहे, आणि ती अंतर न देणारी आहे.

हे एवढं मोठं वचन ऐकल्यावर यहोशवाने पहिला हुकूम काय सोडला, पाहा. अंमलदारांना सांगितलं, छावणीतून फिरा आणि लोकांना शिधा तयार करायला सांगा, तीन दिवसांत निघायचं आहे. वचन मिळालं तरी भाकरी भाजावीच लागते. तुमच्याकडे उद्या फायली असतील, हजेरीपट असेल, दुकानाची उधारीची वही असेल. तिथूनच सुरुवात करा. प्रार्थना करा आणि वही उघडा.

आणखी एक गोष्ट, आणि ही आपल्यापैकी ज्यांची बदली झालेली नाही त्यांच्यासाठी. "खंबीर हो, हिंमत धर" हे त्या अध्यायात चार वेळा येतं. तीनदा परमेश्वर म्हणतो. चौथ्यांदा, अध्यायाच्या अगदी शेवटी, ते माणसं म्हणतात : इस्राएलच्या वंशांपैकी रऊबेनी, गादी आणि मनश्शेच्या अर्ध्या वंशातले लोक. यांना त्यांचा वाटा यार्देनच्या अलीकडेच मिळालेला होता. बायकामुलं, गुरंढोरं तिथं राहणार होती. तरी ते यहोशवाला म्हणाले, तुम्ही सांगाल ते करू, पाठवाल तिकडे जाऊ. आणि भावांच्या पुढे शस्त्र घेऊन ते नदीपलीकडे गेले.

तुमच्या कचेरीत, शाळेत, मंडळीत कुणी नवं माणूस आलं असेल, तर "बघू या, किती दिवस टिकते" ही कुजबुज करू नका. त्यांच्या टेबलापाशी जा. कोणत्या कपाटाला कोणती किल्ली लागते ते दाखवा, जुने हिशेब कुठं ठेवले आहेत ते सांगा, दुपारी डबा खायला हाक मारा. जमलं तर नाव घेऊन त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करा.

नमस्कार.