सेवाज्येष्ठता आणि टीईटी: पदोन्नती नेमकी कुठे अडते?

श्रोतेहो, नमस्कार.

सेवाज्येष्ठता यादीत नाव वरचं, पण पदवीधर शिक्षक पदाच्या पदोन्नतीचा आदेश मात्र यादीतल्या खालच्या शिक्षकाच्या हाती. असं झालं की शिक्षकांच्या तोंडी पहिला शब्द येतो ‘अन्याय’. न्यायालय आधी तारखा बघतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ खाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं २३ ऑगस्ट २०१० ला किमान अर्हता ठरवली. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, तिथून आली. आधीच्या नेमणुकांना त्यात सूट होती. भांडण उभं राहिलं ते या सवलतीवर: ती आहे त्या पदापुरती, की वरच्या पदालाही? परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी एका स्तरावरून पुढच्या स्तरावर जाताना त्या स्तराची अर्हता लागेल, असं म्हटलं. मद्रास उच्च न्यायालयानं जून २०२३ मध्ये हीच वाट धरली. मग १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या जुन्या शिक्षकांना टीईटीसाठी दोन वर्षं दिली. पाचपेक्षा कमी उरली असतील तर नोकरी सुरक्षित, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

‘केंद्रप्रमुख किंवा मुख्याध्यापक झालो तरी स्तर बदलत नाही’ हा युक्तिवाद पूर्वी दमदार होता. या निकालानंतर त्याच्यावर फार विसंबू नये.

आता खरी चूक कुठे होते ते पाहू. पहिली ते पाचवीसाठी टीईटीचा पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. दोन्ही १५० गुणांचे, उत्तीर्णतेला साधारणतः ९०, राखीव गटांना राज्याच्या नियमानुसार सवलत. पेपर दोनमध्ये ६० गुण गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्रांचे. पेपर एकच्या प्रमाणपत्रावर सहावी-आठवीचं पद मागितलं की दावा तिथेच ढासळतो. कला शाखेच्या पदवीवर गणित-विज्ञानाची जागा मागितली, तरी तेच.

‘जागा रिकामी झाली तेव्हा जुना नियम होता’ हेही आता चालत नाही. हिमाचल प्रदेशच्या प्रकरणात मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: रिक्त पद जुन्या नियमांनीच भरावं, असा हक्क नाही. मागायचंच तर ‘मला पदोन्नती द्या’ असं नव्हे, ‘माझा विचार करा’ असं मागा. घटनेनं दिलेला हक्क तेवढाच आहे.

पदवी किंवा टीईटी मिळाली की सेवापुस्तकात नोंद करून घ्या. तात्पुरती ज्येष्ठता यादी लागली की मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं फायलीत उरत नाही. यादी अंतिम होऊन वर्षं उलटली, की उशिरामुळेच याचिका पडते. ज्यांना आदेश मिळाले, त्यांना प्रतिवादी करायला विसरू नका. त्यांचं म्हणणं न ऐकता न्यायालय त्यांची पदोन्नती काढून घेत नाही.

कुठे जायचं? खाजगी शाळेत डावललं गेलं तर १९७७ च्या महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे, तीस दिवसांत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ते दार नाही. त्यांनी आधी प्रशासनाकडे लेखी निवेदन द्यावं, मग उच्च न्यायालयात रिट याचिका.