घर विकून टाका, असं कोर्ट केव्हा म्हणतं

मी इतकी वर्षं ठाण्यात कौटुंबिक दावे चालवते आहे, पण माझ्याकडे येणाऱ्यांचं पहिलं वाक्य काही बदललेलं नाही. बाई असो की पुरुष, खुर्चीत टेकतात आणि म्हणतात, "फ्लॅटच्या ॲग्रीमेंटवर माझं नाव पहिलं आहे." पहिलं नाव म्हणजे मोठा हिस्सा, असा आपला पक्का समज. सोसायटीच्या सभेत मत कुणी द्यायचं, यापलीकडे त्या पहिल्या नावाला फारसा अर्थ नाही.

दुसरं वाक्य बायकांचं. "लग्न झालं म्हणजे अर्धं घर माझंच ना?" नाही हो. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे. तिथे वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. आपल्याकडे तसं नाही. २०१३ साली राज्यसभेने एक विधेयक मंजूर केलं होतं, घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेपोटी काही मिळावं म्हणून. त्याचा कायदा झालाच नाही.

मग दोघांच्या नावावर फ्लॅट असेल आणि पटत नसेल, तर कोर्ट कुठला कायदा उघडतं? १८९३ चा वाटणीचा कायदा. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालयही त्याच साली सुरू झालं, यावरून वय ओळखा. हा कायदा वाचताना डोळ्यांसमोर येते ती भाऊबंदकी. कौटुंबिक न्यायालयात जा नाहीतर दिवाणी, घराच्या बाबतीत नवरा-बायको म्हणजे वाड्यावरून भांडणारे दोन भाऊ. कोण कुणाला काय बोललं, याचा हिश्शाशी संबंध नाही.

एक उदाहरण सांगते; दोन-तीन घरं मिसळली आहेत, ओळखायचा प्रयत्न करू नका. घोडबंदर रोडवर दोन बेडरूमचा फ्लॅट, हिस्से समान. तो ऐरोलीला भाड्याने राहायला गेला, ती मुलीला घेऊन घरातच. तो म्हणाला, विका. आता फ्लॅटची वाटणी करणार कशी? दार एक, स्वयंपाकघर एक, विजेचा मीटर एक. वाटणी नीट होण्यासारखी नसेल आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त हिश्शाच्या मालकाने मागणी केली, तर विक्रीचा हुकूम देण्याचा अधिकार कोर्टाला आहे.

ती रडतच आली. "मॅडम, दहावीचं वर्ष आहे हो पोरीचं." मी तिला त्याच कायद्याचं कलम ३ दाखवलं. एकाने विक्री मागितली की दुसरा म्हणू शकतो, 'त्याचा हिस्सा मीच घेते, किंमत ठरवा.' मग कोर्टाला मूल्यांकन करून घ्यावंच लागतं. आणि ही किंमत कुठल्या तारखेची? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं आहे, विकत घेण्याचा हक्क ज्या दिवशी उभा राहिला त्या दिवसाची. घोडबंदरचे भाव ठाऊक आहेत ना? म्हणून हिस्सा विकत घेण्याचा अर्ज आज-उद्या करत ठेवू नये. लिलावापर्यंत गेलंच, तरी कोर्ट राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली विकायचं नाही ती, ठरवतं, आणि हिस्सेदाराला स्वतः बोली लावता येते. त्याच्याकडून अनामत न घेण्याची किंवा त्याचा हिस्सा बोलीच्या रकमेतून वळता करण्याची मुभा कोर्ट देऊ शकतं. हे फार थोड्यांना माहीत असतं.

बँकेचं मात्र सगळं सरळ आहे. कर्ज दोघांनी घेतलं, हप्ता दोघांकडून वसूल होणार. विक्रीच्या पैशांतूनही आधी बँकेचं भागवायचं, उरेल त्याची वाटणी.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, तोही अनेकजणी मालकी समजून बसतात. छप्पर मिळतं, हिस्सा नाही.

आमच्या त्या जोडप्याचं शेवटी परस्पर संमतीच्या घटस्फोटाने मिटलं. तिच्या भावाने हात दिला, बँकेने कर्ज तिच्या एकटीच्या नावावर करायला होकार दिला, आणि तो आपला हिस्सा तिला बक्षीसपत्राने द्यायला तयार झाला. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला बक्षीस दिलं, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. अधिभार वगैरे वेगळा. पण बायकोला! घटस्फोट झाल्यावर ती बायको उरत नाही. म्हणजे बक्षीसपत्र आधी, घटस्फोटाचा हुकूमनामा नंतर. इथे तो अडला. "मी घर देऊन बसलो आणि तिने संमती मागे घेतली तर?" प्रश्न बरोबर होता, हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. तिला उलटी भीती, घटस्फोट आधी झाला तर हा सही करायला येईल कशाला?

शेवटी दोन्ही एकाच दिवशी करायचं ठरवलं. सकाळी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दोघांनी अंगठ्याचे ठसे दिले, आणि तिथून वेगवेगळ्या रिक्षांनी कोर्टात आले.