सुपरहिरोंची जुनी खेळणी आणि त्यांची वेष्टने

श्रोतेहो, खेळणे ही जपून ठेवण्याची वस्तू आहे, हे सावंतवाडीत कोणाला पटवून द्यावे लागत नाही. चितारआळीतल्या लाकडी फळांचे आणि गंजिफांचे कौतुक ज्यांनी घरातच ऐकले आहे, त्यांना हेही ठाऊक असते की दशावतारी गंजिफाची १२० पाने कितीही सुबक असली, तरी त्यांची रंगवलेली पेटी हरवली की संच अपुरा राहतो. अमेरिकेत निघालेल्या सुपरहिरोंच्या जुन्या खेळण्यांबद्दल मला याहून थोडे अधिक म्हणायचे आहे. त्यांचे वेष्टन हा त्यांचा जन्मदाखला असतो, आणि पुष्कळदा दुसरा कोणताही दाखला उपलब्ध नसतो.

खेळण्याच्या पाठीवर किंवा पायावर एक साल कोरलेले असते आणि नवा संग्राहक तेच निर्मितीचे साल समजतो. ते साल हक्कनोंदणीचे असते. त्याच साच्यातून पुढे कितीही वर्षे माल निघत राहिला तरी ते बदलत नाही. केनर कंपनीची ‘सुपर पॉवर्स’ ही मालिका १९८४ ते १९८६ या काळात बाजारात आली. पहिल्या वर्षी सुपरमॅन, बॅटमॅन, जोकर, ब्रेनिॲक अशा १२ मूर्ती आल्या, म्हणून कार्डाच्या, म्हणजे मूर्ती ज्यावर चिकटवून दुकानात टांगली जाते त्या पुठ्ठ्याच्या, मागच्या बाजूला त्यांची १२ चित्रे छापली गेली. दुसऱ्या वर्षी डार्कसाइड हा खलनायक आणि त्याच्या साथीदारांसह ११ नव्या मूर्तींची भर पडल्यावर चित्रे २३ झाली, आणि तिसऱ्या वर्षी आणखी १० येऊन ३३ झाली. हाताशी आलेला बॅटमॅन सुटा असेल, तर तो कोणत्या वर्षी दुकानात टांगला गेला हे सहसा सांगता येत नाही. तोच कार्डावर असेल, तर मागची चित्रे मोजली की उत्तर मिळते. पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक मूर्तीबरोबर एक चिमुकले कॉमिक मिळत असे, त्यामुळे ते जागेवर आहे की नाही, हेही पाहावे लागते.

याच मालिकेतला क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, दुकानात कधी आलाच नाही. कार्डांवरचे खरेदीचे पुरावे कापून टपालाने पाठवले की तो घरी येत असे. त्यामुळे चौकोनी तुकडा कापलेले कार्ड दिसले, तर ते खराब म्हणून टाकून देऊ नका. कोणा मुलाने तो पुरावा पाठवला असण्याची शक्यता त्यात नोंदलेली असते, आणि माझ्या मते असे कार्ड कोऱ्या कार्डापेक्षा अधिक बोलते.

त्याआधीची मेगो कंपनीची आठ इंची, कापडी पोशाखातली मालिका १९७२ मध्ये सुरू झाली. आरंभीची खोकी पूर्ण बंद होती आणि आत काय आहे हे फक्त चित्रावरून कळत असे. लवकरच त्यांच्या जागी पारदर्शक खिडकीची खोकी आली, आणि पुढे क्रेस्गी या दुकानसाखळीसाठी टांगता येतील अशी कार्डे निघाली. सुरुवातीच्या बॅटमॅनचा मुखवटा काढता येत असे, नंतरच्या बॅटमॅनचा डोक्याबरोबरच घडवलेला आहे. मूर्तीतला बदल आणि खोक्यातला बदल शेजारी ठेवून पाहिले की कारखान्यातल्या निर्णयांचा क्रम लागत जातो, आणि मला या छंदातला सर्वांत मोठा आनंद त्यातच वाटतो.

कधी कधी तर वेष्टनावाचून ओळखच पटत नाही. अर्जेंटिनात पासिपा कंपनीने केनरचा ग्रीन लँटर्न वेगळ्या रंगात रंगवून ‘अ‍ॅसेर्तिहो’, म्हणजे बॅटमॅनचा शत्रू रिडलर, म्हणून विकला. कार्ड नसेल, तर अनभ्यस्त माणसाला तो कोणीतरी घरी रंगवलेला ग्रीन लँटर्नच वाटेल.

कोकणात ही खेळणी आली ती बहुधा माणसांच्या सामानातून: गणपतीला येणारा चाकरमानी, आखातात नोकरी करणारा मामा, बोटीवरचा काका. परदेशी दुकानाची किंमतचिठ्ठी कार्डावर असेल तर ती सोलून काढू नये, कारण खेळणे कोणत्या वाटेने घरात आले हे फक्त तीच सांगते. भारतात बांधलेल्या मालाची गोष्ट आणखी सोपी आहे. १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचे नाव, किंमत आणि निर्मितीचा वा बांधणीचा महिना व वर्ष छापणे बंधनकारक झाले. अमेरिकन कार्डावर चित्रे मोजून जे अनुमान काढावे लागते, ते भारतीय पाकिटावर सरळ छापलेले सापडते. फनस्कूलने भारतात काढलेल्या जी. आय. जो या सैनिक-खेळण्यांच्या पाकिटांना परदेशी संग्राहकांकडून मागणी असते, आणि आपण मात्र तीच पाकिटे रद्दीत घालतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता आपल्या हवेविषयी. पावसाळ्यातल्या दमट हवेत पुठ्ठा पाणी ओढून घेतो, वाकतो, आणि त्यावर चिकटवलेले पारदर्शक कवच कडेने सुटू लागते. ऊन लागले की तेच कवच पिवळे पडते. मेगोच्या सुरुवातीच्या मूर्तींच्या सांध्यांत धातूच्या खिळ्या असतात, त्यांना खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो. मऊ प्लास्टिकमधून त्याला लवचीक ठेवणारे द्रव्य बाहेर येऊन ते चिकट होते. पोटमाळ्यावर ही खेळणी ठेवू नयेत, कारण उन्हाळ्यात कौलांखाली फार तापते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातही ठेवू नयेत, कारण त्या भिंतीला ओल येते. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपली सवय इथे घातक आहे, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि त्या ओल्या झाल्या की वाळवून पुन्हा वापराव्यात.

डबे बंद करण्याची वेळही महत्त्वाची आहे. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामे मे अखेरीस निघतात, पण तोवर हवा दमट झालेली असते आणि तेव्हा डबा बंद केला तर ती ओलच आत कोंडली जाते. जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी डबे भरावेत. भरण्याआधी प्रत्येक कार्डाची पुढची बाजू, मागची बाजू, किंमतचिठ्ठी आणि टांगण्याचे भोक यांची स्वच्छ उजेडात छायाचित्रे घ्यावीत आणि वस्तू कोणाकडून, कधी आली हे त्यांच्यासोबत लिहून ठेवावे.