आधी चप्पल काढा

(सांगलीतल्या एका व्याख्यानमालेतलं भाषण, थोडी काटछाट करून. हशा आणि टाळ्या गाळल्या आहेत. टाळ्या तशा बेताच्याच होत्या.)

अध्यक्षमहोदय आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मधुमेह, हार्मोन्स आणि औषधपाण्याचा खर्च’. वेळ चाळीस मिनिटं. संयोजक मला वीस वर्षं ओळखतात, तरी त्यांनी हे धाडस केलं. वर भाषणाआधी मला चहा पाजला, साखरेचा. मी प्यायलो. घरी कळवू नका.

आपल्या जिल्ह्यात साखरेबद्दल वाईट बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. समोर निम्मे तरी ऊसवाले बसलेत. म्हणून रोजचा एक प्रश्न आधी निकालात काढतो: ‘साखर सोडलीय डॉक्टर, गूळ चालतोय न्हवं?’ ज्या उसाची साखर त्याच उसाचा गूळ. लोह असतं थोडंफार, कबूल. पण लोहासाठी गूळ खाणं म्हणजे खिळा पाहिजे म्हणून अख्खं दार विकत घेणं. एक काकू गुळाच्या दुधात हळद घालून प्यायच्या. सांगलीची हळद, २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालेली, मलाही तिचा अभिमान आहे. पण हळदीनं दूध पिवळं होतं, त्यातला गूळ पळून जात नाही.

असो. मला आज खरं बोलायचंय ते पायाबद्दल. पत्रिकेत पाय नाही, ठाऊक आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी तासगावकडचे एक बागायतदार माझ्याकडं यायचे. द्राक्षबाग, स्वतःची बेदाणा शेड, आणि बारा वर्षांची शुगर. येताना हातात रिपोर्टांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. मुलगा पुण्याला, तो दरवर्षी वडिलांचं ‘फुल बॉडी चेकअप’ करायचा. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख, पन्नास-साठ तपासण्या. व्हिटॅमिन होतं, युरिक ॲसिड होतं, थायरॉइड तर तीन-तीन नावांनी होतं. बॉडी फुल होती, फक्त पाय नव्हते.

चार वेळा आले. चारही वेळा मी ती पिशवी उपसली, एक गोळी वाढवली, एक बदलली. ते रीतीप्रमाणं चप्पल दाराबाहेर काढून यायचे. म्हणजे बघा, अनवाणी पाय माझ्याच टेबलाखाली, माझ्यापासून दोन फुटांवर. आणि मी टेबलावरचं वाचतोय.

पाचव्या वेळी सोबत त्यांच्या मंडळी होत्या. त्या म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, चार दिस झालं ह्यांच्यापाशी घाण वास येतोय. मला वाटलं शेडात उंदीर मेलाय.’ मी टेबलाखाली वाकलो. डाव्या तळव्याला, बोटांच्या बुडाशी, काळं पडलेलं भोक, भोवती सूज. चिमट्यानं ओढलं तर मांडवाच्या तारेचा इंचभर तुकडा निघाला. चप्पल आणून बघितली, तर तळ आरपार भोसकलेला. ती तार पायात घेऊन हा माणूस आठवडाभर बाग हिंडला होता. मला म्हणाले, ‘अवो, दुखलं असतं तर आलो नसतो का?’

ह्या एका वाक्यात सगळा आजार आला. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांब नस आधी खराब होते. सगळ्यात लांब कोणती? पायाच्या बोटाची. तुम्हाला पोटपाटाच्या हिशेबात सांगतो. म्हैसाळ योजनेचं पाणी कालव्याला सुटलं की ओरड कुणाची असते? टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची. पाऊल म्हणजे शरीरातलं टेल. रक्त तिथंच कमी पोचतं, संवेदना तिथलीच आधी जाते. फरक एवढाच की टेलचा शेतकरी मोर्चा काढतो, पाऊल मुकाट बसतं.

दोन बोटं काढावी लागली. ऑपरेशन, अँटिबायोटिक, महिनोन्‌महिने ड्रेसिंग, मुलाची बिनपगारी रजा. त्या सालच्या बेदाण्याचा चेक घराचा उंबरा न चढता परस्पर गेला. आणि त्या दोनातलं एक बोट माझ्या नावावर लिहायला पाहिजे. हे मी बहुतेक व्याख्यानांत सांगतो. आमची ही म्हणते, तेच तेच काय सांगता. पण अजून कुणी मला, ‘मग तुम्ही वाकून का नाही बघितलं?’ असं विचारलेलं नाही. डॉक्टरला असं विचारायची आपल्याकडं पद्धत नाही. ती पाडा.

हा बघा, खिशात घेऊनच फिरतो. पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा तंतू. मागच्या रांगेला दिसणार नाही, इतका बारीक आहे. तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा दाब पडतो. पेशंटनं डोळे मिटायचे, लागलं की ‘हो’ म्हणायचं. दोन मिनिटांचं काम. ह्याचा रंगीत रिपोर्ट निघत नाही, म्हणून ह्याला मान नाही.

घरी तर तेवढंही लागत नाही. रात्री झोपताना तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, नाहीतर नातवाला सांगा. चप्पल-बूट घालायच्या आधी झटका. पाय बधिर आहेत म्हणून गरम पाण्याची पिशवी लावू नका, चटका कळणार नाही. आणि गणपतीला जाल तर सकाळी जा. एप्रिलमध्ये भर दुपारी तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड आलेला पेशंट मी बघितलाय. घरी जाऊन जेवून झोपला, संध्याकाळी फोड सुनेला दिसला.

ही चिठ्ठी आली. ‘सहा मिनिटं.’ बरं.

हार्मोन्स. इन्शुलिन हे हार्मोनच. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्टनं शोधलं, जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं, आणि पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं. आपल्या मिरजेत मिशन हॉस्पिटल काढणारे वानलेससाहेबही कॅनडाचेच, पण त्यांची गोष्ट पुढच्या वर्षीच्या भाषणात. आत्ता एवढंच ऐका: आपल्याकडं इन्शुलिनची बाटली बहुधा ४० युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, अशी असते, तिला लाल टोपणाची ४० ची सिरिंज. १०० ची सिरिंज लावून खुणा त्याच मोजल्या तर डोस निम्म्याहूनही कमी, शंभरातला चाळीसच जातो. फ्रीज नसेल तर माठाजवळ गारव्याला ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नको.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासानं. लोह-कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. डोस बदलल्यावर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, सहा आठवड्यांनी करायची, दर पंधरा दिवसांनी केली तर फक्त लॅबची भर. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करा, पण अंगात लोह कमी असेल तर ती उगीच जास्त दिसते. आकड्यानं घाबरण्याआधी हिमोग्लोबिन बघा.

खर्च. मेटफॉर्मिन हे शुगरचं जुनं औषध आजही स्वस्त आहे आणि आजही चांगलं आहे. एम्पाग्लिफ्लोझिन ह्या शुगरच्या नव्या गोळीचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं, तेव्हापासून किमती धाडकन उतरल्या. तुमची चिठ्ठी त्याआधीची असेल आणि तोच महागडा ब्रँड चालू असेल, तर डॉक्टरांना विचारा, ह्यात स्वस्त आहे का? जनऔषधीच्या दुकानात चिठ्ठी दाखवा. महात्मा फुले योजनेत बसतंय का, हे ॲडमिट होण्याच्या आधी विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारणारेच मला जास्त भेटतात.

संयोजक घड्याळ दाखवतायत. प्रश्न राहिले, ते खाली चहाला घेऊ. बिनसाखरेचा थर्मास वेगळा आहे, त्यावर कागद चिकटवायला सांगितलंय. ज्यांना शुगर आहे त्यांनी थांबा. ह्या कोपऱ्यात खुर्ची ठेवलीय, तंतू आहे, बॅटरी आहे, पैसे नाहीत. अध्यक्षांनी मघाशी प्रास्ताविकात स्वतःच सांगितलं की त्यांना नऊ वर्षं झाली. म्हणजे पहिला नंबर त्यांचा. या साहेब. मोजेसुद्धा.